मोशेचे हात आणि मंडळाच्या किल्ल्या

मंडळाच्या सात किल्ल्या माझ्याकडे होत्या. एक कपाटाची, एक देणगीपेटीची, एक सतरंज्या-समया ठेवलेल्या खोलीची, एक मोठ्या पातेल्यांच्या पेटाऱ्याची. उरलेल्या तीन कशाच्या ते मलाही आठवत नव्हतं, पण देऊन टाकायला मन धजत नव्हतं. इंदूरला सुदामानगरच्या बाजूला आमची कॉलनी आहे, तिथल्या मराठी मंडळाचा मी नऊ वर्षं कार्यवाह होतो. वर्गणीच्या पावत्या मी फाडायच्या, मांडववाल्याशी घासाघीस मी करायची, महाप्रसादाला डाळ किती भिजवायची तेही मलाच विचारायचं. ‘अहो, एवढं सगळं एकटे कसं जमवता?’ असं कोणी म्हटलं की वरवर ‘छे छे’ म्हणायचो आणि आतून सुखावायचो.

मग एका भाद्रपदात, स्थापनेच्या चार दिवस आधी, मला टायफॉइड झाला. मूर्तीच्या बयाण्याची पावती माझ्या पाकिटात, माइकवाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये, आणि मी तापाने फणफणलेला. दारात माणसं येऊन उभी राहायची आणि बायको त्यांना आतून एकेक किल्ली आणून द्यायची. चुकीची निघाली की ते परत यायचे.

शेजारच्या काकू पेज घेऊन आल्या. मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. जन्मभर नर्सची नोकरी केली म्हणून अख्खी कॉलनी त्यांना सिस्टर काकू म्हणते. त्यांनी आधी माझा ताप बघितला, मग उशाजवळचा जुडगा.

“तुला सासरे आहेत ना रे?”

“आहेत की. उज्जैनला असतात.”

“त्यांनी कधी तोंडावर सांगितलंय तुला, जावईबापू, तुमचं चुकतंय म्हणून?”

“काकू, जावयाला कोण सांगतं असं!”

“मोशेला सांगितलं होतं,” काकू म्हणाल्या, आणि पेज संपेपर्यंत ती गोष्ट सांगत बसल्या.

मी ख्रिस्ती नाही. सकाळी अथर्वशीर्ष म्हटल्याशिवाय पोह्यांना हात न लावणाऱ्यांतला आहे. शिवाय अहिल्याबाईंच्या गावात राहणाऱ्याला नेतृत्वाचे धडे बाहेरून आणावे लागत नाहीत. पण बरा झाल्यावर मी काकूंकडून त्यांचं मराठी बायबल मागून आणलं आणि मोशेचा भाग सावकाश वाचला. श्रद्धा आणि पुढारीपण यांची तिथे जी गाठ मारली आहे, ती मला आधी कोणी दाखवली नव्हती.

आधी सासऱ्यांचं सांगतो. बायबलचं दुसरं पुस्तक निर्गम. इस्राएल लोक मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामगिरीतून सुटून रानात आलेत आणि मोशे त्यांचा पुढारी आहे. अठराव्या अध्यायात त्याचा सासरा इथ्रो भेटायला येतो. सोबत मोशेची बायको सिप्पोरा आणि दोन मुलगे. हा इथ्रो मिद्यान देशाचा याजक, म्हणजे इस्राएली नव्हे, बाहेरचा माणूस. मोशे पुढे होऊन त्याला नमस्कार करतो, मुका घेतो, तंबूत नेऊन सगळी हकिगत सांगतो. जेवणं होतात. दुसऱ्या दिवशी मोशे न्यायनिवाड्याला बसतो आणि सासरा बाजूला बसून बघतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रांग. कोणाचं भांडण, कोणाची तक्रार, आणि सगळ्यावर निकाल देणारा माणूस एकच.

संध्याकाळी इथ्रो म्हणतो, हे तू करतोयस ते बरं नाही. तू थकून जाशील आणि हे लोकही थकून जातील.

या वाक्यात मूळ हिब्रूमध्ये जे क्रियापद आहे ते पानं-फुलं कोमेजतात त्यासाठीही वापरतात. तू कोमेजशील, असं तो म्हणतो. आणि दुसरा अर्धा भाग मला जास्त लागला: लोकही कोमेजतील. मोशे दिवसभर बसलेला तरी होता, लोक उभे होते. माझ्या नऊ वर्षांत मी स्वतःचे हाल मोजत आलो होतो. एका वर्गणीच्या पावतीसाठी लोक माझ्या दारात तीन-तीन खेपा घालत होते, त्या मी मोजल्याच नव्हत्या. सगळं अंगावर घेणारा माणूस इतरांचा भार हलका करतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याच्यापुढे रांग लागते, आणि ती रांग त्यानेच लावलेली असते.

इथ्रोने उपायही सांगितला. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेम. लहानसहान तंटे त्यांनी मिटवावेत, अवघड तेवढे तुझ्याकडे यावेत. मॅनेजमेंटचे शिकवणारे लोक ही गोष्ट फार आवडीने सांगतात, कामं वाटून द्या म्हणून. पण ते निम्मीच सांगतात. नायक नेमायच्या आधी इथ्रो मोशेला म्हणतो की लोकांना नियम शिकव, कसं चालायचं आणि काय करायचं ते दाखव. शिकवणं आधी, सोपवणं नंतर. मी बरा झाल्यावर उत्साहाच्या भरात महाप्रसादाचं काम एका तरुणाच्या गळ्यात घातलं आणि दोनशे पानांना किती तांदूळ लागतो ते सांगायचं विसरलो. रात्री साडेनऊला भात संपला. लोक त्या पोराला बोलले. वास्तविक ते बोल माझ्या खात्यावर पडायला हवे होते.

आणि माणसं कशी निवडायची? इथ्रोच्या अटी चार आहेत: कर्तबगार, देवाला भिऊन वागणारी, सत्यनिष्ठ, आणि लाचेचा तिटकारा असलेली. आमच्याकडे आजवर एकच अट होती. ‘त्याला वेळ असतो.’

या दहा-पन्नासाच्या हिशेबाची एक गंमत आहे. निर्गमात मिसरहून निघालेल्या पुरुषांची संख्या सुमारे सहा लाख दिली आहे. ज्यूंच्या तलमूद या ग्रंथात जुन्या पंडितांनी त्यावरून सरळ गणित मांडलं: हजारांवरचे ६००, शंभरांवरचे ६,०००, पन्नासांवरचे १२,००० आणि दहांवरचे ६०,०००, म्हणजे एकूण ७८,६०० नायक. हा आकडा कोणी शब्दशः घ्यावा असं मी म्हणत नाही. पण सहा लाखांना ७८,६०० म्हणजे साधारण दर आठ माणसांत एक जण कशाला ना कशाला जबाबदार. आमच्या मंडळाची ऐंशी घरं आहेत. त्या हिशेबाने दहा माणसांकडे किल्ल्या हव्या होत्या, आणि होत्या एकाकडे.

सासऱ्याच्या बोलण्यातला आणखी एक बारकावा सांगतो, कारण आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांना तो उपयोगी पडावा. सगळं सांगून झाल्यावर इथ्रो पुस्ती जोडतो: देवाने तुला तशी आज्ञा केली तर. म्हणजे निर्णय तुझा. मग तो आपल्या देशी निघून जातो. राहून लक्ष ठेवत नाही, ‘मी सांगितलेलं करतोयस ना?’ म्हणून विचारत नाही. पुढे अनुवाद नावाच्या पुस्तकात म्हातारा मोशे हाच प्रसंग लोकांना पुन्हा सांगतो, तेव्हा तर इथ्रोचं नावही घेत नाही. मी तुम्हाला म्हणालो, मला एकट्याला तुमचा भार झेपत नाही, असं स्वतःच्याच तोंडी घालतो. काकूंना मी हे दाखवलं तर त्या म्हणाल्या, “जावई तो जावईच!”

आता श्रद्धेचं. त्यासाठी एक पान मागे जायला हवं.

इथ्रोच्या भेटीच्या लगेच आधी, सतराव्या अध्यायात, एक लढाई आहे. अमालेकी लोकांनी हल्ला केलाय. मोशेचा मदतनीस यहोशवा खाली मैदानात लढतोय आणि मोशे हातात काठी घेऊन टेकडीवर उभा आहे. त्याचे हात वर असले की इस्राएलची सरशी होते, खाली आले की अमालेक्यांची. आणि हात काही दिवसभर वर राहत नाहीत. ज्याला शंका असेल त्याने दहा मिनिटं करून पाहावं. मग सोबत असलेले दोघं, भाऊ अहरोन आणि हूर नावाचा माणूस, काय करतात? आधी एक दगड आणून मोशेच्या खाली ठेवतात. तो बसतो. मग एक या बाजूने, एक त्या बाजूने हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहतात.

हा ‘स्थिर’ शब्द हिब्रूत आहे ‘एमुना’. पुढे ज्याचं भाषांतर श्रद्धा, विश्वास असं होतं तोच शब्द, आणि बायबलच्या पानांच्या क्रमाने पाहिलं तर तो पहिल्यांदा येतो तो इथे, थकलेल्या हातांबद्दल. मोशेचे हात एमुना होते. हिब्रू मला येत नाही, पण शब्दकोश उघडून बसायला वेळ होता. या शब्दाचा धातू आहे आ-म-न. टिकणं, आधार देणं, भक्कम असणं. प्रार्थनेच्या शेवटचं ‘आमेन’ याच घरातलं. आणि अरबी ही हिब्रूची सख्खी बहीण असल्यामुळे तिकडचं ‘इमान’ही याच धातूचं. ते फारसीच्या वाटेने आपल्याकडे कधीचं येऊन राहिलंय. आपण इमानेइतबारे काम करतो, एखाद्याला बेइमान म्हणतो, निवडणुकीत उमेदवाराची अनामत जप्त होते. ती अनामत म्हणजे मूळची अमानत, विश्वासाने सोपवलेली ठेव. तेव्हा हा शब्द आपल्याला परका नाही.

आपण श्रद्धा म्हटलं की मनातली गोष्ट डोळ्यासमोर आणतो. डोळे मिटलेत, हात जोडलेत, आत काहीतरी भरून आलंय. एमुना त्याहून रोखठोक आहे. मराठीत मला जवळचा वाटला तो ‘भिस्त’ हा शब्द. ‘आमची सगळी भिस्त त्याच्यावर’ असं म्हणतो तेव्हा आपण त्याच्या भावना तपासत नसतो. तो उद्या सकाळी येईल की नाही एवढंच बघत असतो. इंदूरच्या वाचकाला दाखला हवा असेल तर हुकुमचंद मिलचा आहे. नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद पडली, कामगारांच्या देण्यांचा प्रश्न मार्गी लागला तो २०२३ च्या डिसेंबरात. मधली तीस वर्षं कामगार मिलच्या गेटवर जमत राहिले, कोर्टाच्या तारखांना जात राहिले. काही त्या आधीच वारले. रोज त्यांना खात्री वाटत असेल? मला नाही वाटत. पण ते येत राहिले, आणि एमुनाला तेवढं पुरतं.

त्या टेकडीवरच्या चित्रात ही स्थिरता एकट्या मोशेची नाही, हे लक्षात घ्या. त्याचे स्वतःचे हात केव्हाच खाली आले होते. स्थिर राहिले ते तीन माणसांचे मिळून. त्यातल्या हूरबद्दल बायबल फारसं काही सांगतही नाही. आणि पहिलं काम त्यांनी हात धरण्याचं केलं नाही, बसायला दगड आणला. घरी आजारी माणूस असलेल्यांना हे लगेच कळेल. भाऊ पुण्याहून फोन करतो, ‘ताई, तू आहेस म्हणून आम्हाला काळजी नाही.’ बहीण अमेरिकेतून म्हणते, ‘धीर धर.’ हे हात धरणंच झालं, खोटं नाही. पण दगड म्हणजे रात्रीची बाई लावून तिचा पगार दर महिन्याला पाठवणं, किंवा दिवाळीनंतर पंधरा दिवस येऊन राहणं आणि ताईला सुट्टी देणं. आधी दगड आणावा, धीर नंतर द्यावा.

हाच धातू पुन्हा भेटतो गणना या चौथ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात. लोक कटकट करताहेत. मिसरात मासे मिळायचे, काकड्या, कांदे, लसूण मिळायचा, इथे रोज तोच मान्ना, रानात देवाने दिलेलं अन्न. मोशेचा बांध फुटतो. तो देवाला विचारतो, या सगळ्यांना मी जन्म दिलाय का, की तान्ह्या लेकराला सांभाळणारा छातीशी धरून नेतो तसं मी यांना न्यावं? यातला सांभाळणारा म्हणजे हिब्रूत ‘ओमेन’. आ-म-न. पुढे तो सरळ म्हणतो, मला एकट्याला हे झेपत नाही, असंच करायचं असेल तर मला मारून टाक.

एवढ्या मोठ्या पुढाऱ्याच्या तोंडचं हे वाक्य ग्रंथात जसंच्या तसं ठेवलंय, याचं मला फार अप्रूप वाटलं. आपण मोठ्या माणसांच्या चरित्रातून अशी वाक्यं गाळतो. आणि देवही त्याला श्रद्धा कमी पडली म्हणून झापत नाही. सत्तर वडीलधारे गोळा कर म्हणतो, तुझ्यावरच्या आत्म्यातलं काही काढून त्यांना देतो, मग ते तुझ्याबरोबर भार वाहतील. गाऱ्हाणं ऐकून मिळालेलं उत्तर माणसांच्या रूपात आलंय. सिस्टर काकूंना हा भाग पाठ आहे. वॉर्डात बेचाळीस पेशंट आणि नर्स दोन, अशा रात्री त्यांनी काढल्यात. त्या म्हणाल्या, “झेपत नाही म्हणणं म्हणजे श्रद्धा सुटणं, असं मला कुणी सांगायला लागलं ना, की मी त्याला हा अध्याय काढून देते.”

त्या सत्तरांना देवाच्या तंबूपाशी बोलावलं होतं, पण त्यातले दोन जण आलेच नाहीत. एल्दाद आणि मेदाद. ते छावणीतच राहिले, तरी त्यांच्यावर देवाचा आत्मा आला आणि ते तिथेच देवाचा संदेश देऊ लागले. एक पोरगा धावत येऊन चहाडी करतो. यहोशवा म्हणतो, स्वामी, त्यांना थांबवा. मोशेचं उत्तर असं आहे: माझ्या मानासाठी तुला एवढं लागलं का? सगळेच लोक संदेष्टे झाले असते तर किती बरं झालं असतं!

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ गच्चीवर फिरून आलो. कारण किल्ल्या वाटल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी कॉलनीतल्या दोन मुलींनी, कार्यकारिणीला न विचारता, मागच्या गल्लीत मुलांचं नाटक बसवलं. हिंदी-मराठी मिसळलेलं, आपण घरात बोलतो तसं अस्सल इंदुरी. मला कळलं ते प्रयोगाच्या आदल्या दिवशी, आणि पहिला विचार आला तो ‘विचारायचं तरी’ हा. नाटक कसं आहे हा प्रश्न बऱ्याच उशिरा सुचला. काम वाटून देणं एक वेळ जमतं. आपण न वाटलेलं काम कोणी आपणहून उचलून चांगलं करून दाखवलं की खरी कसोटी. मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही, एवढंच स्वतःच्या बाजूने सांगू शकतो. मोशेसारखं ‘किती बरं झालं असतं’ वगैरे काही माझ्या मनात आलं नव्हतं. नाटक चांगलं होतं.

मोशेलाही ते दर वेळी साधलं नाही. गणनेच्या विसाव्या अध्यायात पुन्हा पाणी नाही, पुन्हा तक्रारी. अध्यायाच्या पहिल्याच ओळीत त्याची बहीण मिर्याम वारली आहे. देव सांगतो, काठी घे, खडकाशी बोल, पाणी येईल. मोशे लोकांना ओरडतो, अरे बंडखोरांनो, तुमच्यासाठी या खडकातून आम्ही पाणी काढायचं काय? आणि खडकावर दोनदा काठी मारतो. पाणी येतं, भरपूर येतं, लोक पितात, गुरंढोरं पितात. पण देव मोशे आणि अहरोनला म्हणतो, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणून या लोकांना त्या देशात तुम्ही नेणार नाही. ‘विश्वास ठेवला नाही’ इथे क्रियापद कुठलं असेल? तेच. आ-म-न.

शिक्षा फार कडक आहे असं मला अजूनही वाटतं, आणि एवढ्या कडक शिक्षेचं नेमकं कारण काय यावर पंडितांचेही शेकडो वर्षं वाद चालू आहेत. कोणी म्हणतं बोलायचं होतं तिथे मारलं म्हणून, कोणी म्हणतं लोकांवर संतापला म्हणून, कोणी ‘आम्ही पाणी काढायचं काय’ या ‘आम्ही’वर बोट ठेवतं. माझं मत या तिसऱ्याकडे झुकतं, कारण तो ‘आम्ही’ माझ्या ओळखीचा आहे. ‘आम्ही होतो म्हणून मंडळ टिकलं’ मधला तो ‘आम्ही’. त्यातही हे खरंच की पाणी आलं. पुढाऱ्याचं चुकलं म्हणून लोक तहानलेले ठेवले नाहीत. आणि पुढे नबो डोंगरावरून मोशेने तो देश नुसता पाहिला, तिथेच वारला, आणि लोकांना नदीपार नेलं यहोशवाने.

गेल्या माघात सिस्टर काकूंचा गुडघा बदलला. मुलगा दुबईला, तो आठ दिवस राहून परत गेला. आम्ही शेजाऱ्यांनी डब्यांचे वार लावले, रात्री सोबतीला झोपायला दोन मुली तयार झाल्या. त्याच, नाटकवाल्या. काकूंनी पहिले दोन दिवस सगळ्यांना दारातूनच वाटेला लावलं. मला काही लागत नाही, मी नर्स आहे, माझं मी बघते. तिसऱ्या दिवशी मी त्यांचंच बायबल परत करायच्या निमित्ताने गेलो, खूण निर्गमाच्या सतराव्या अध्यायाला घातली होती. त्यांनी ती पाहिली. काही बोलल्या नाहीत, पण घराची दुसरी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

मंगळवार माझा असतो. परवा डबा उघडून पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “वरणात मीठ कमी आहे रे. आधी शिकवावं, मग सोपवावं, तुझ्या बायकोला सांग.” वरण मीच केलं होतं.